एकाच जिल्ह्यातली दोन चर्च : चर्च ऑफ नॉर्थ इंडिया कसं घडलं?



डिसेंबरचे दिवस होते. पाचवीच्या वर्गात सणांवर बोलणं सुरू होतं आणि नाताळाचा विषय निघाला. माझ्या वर्गात तेव्हा दोन ख्रिस्ती मुलं होती. एक मूळचा चंद्रपूरचा, तर दुसऱ्याचं घर सिरोंचा तालुक्यातलं. वडिलांच्या कामामुळे तो बल्लारपूरकडे आला होता. घरी तेलुगू, शाळेत मराठी. चंद्रपूरचा म्हणाला, "सर, आमी सीएनआय." दुसरा म्हणाला, "आमी मेथॉडिस्ट." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे दोघंबी खोटं बोलून राहिले, ख्रिश्चन तर एकच असते ना!"

मी काय केलं? जे आपण बरेचदा करतो तेच. "हो रे, सगळे एकच, बसा खाली," असं म्हणून फळ्याकडे वळलो. सिरोंच्याचा मुलगा मात्र उभाच राहिला. त्याने हळूच विचारलं, "एकच आहे तर मग वेगळं चर्च कशाला?" मला उत्तर येत नव्हतं. डी.एड.ला आम्हाला सर्वधर्मसमभाव शिकवला, पण एका धर्माच्या आत किती घरं असतात हे कोणी शिकवलं नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. थोडं लांबेल, कारण हे उत्तर स्कॉटलंडहून नागपूरमार्गे चांद्याला येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

ख्रिस्ती धर्मात मोठे तीन प्रवाह आहेत : रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी आपले ९५ मुद्दे मांडले, तिथून प्रोटेस्टंट चळवळीची सुरुवात मानतात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हेच श्रद्धेचं अंतिम प्रमाण. तारण पैशाने किंवा कर्मकांडाने मिळत नाही, ते देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळतं. शास्त्र लोकांच्या भाषेत असावं. इथपर्यंत सगळ्या प्रोटेस्टंटांचं जवळपास एकमत आहे.

मग फाटे कशावरून फुटले? काही श्रद्धेच्या मुद्द्यांवर फुटले. उदाहरणार्थ, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा, की मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावर? पण बरेचसे फाटे एका अगदी व्यवहारातल्या प्रश्नावरून फुटले : चर्चमध्ये निर्णय कोणी घ्यायचा?

मुलांना हे सांगताना मी आपल्याकडचीच उदाहरणं घेतो. एक पद्धत बिशपची. बऱ्याच गावांच्या मंडळ्या मिळून एक धर्मप्रांत होतो, त्याचा प्रमुख बिशप, आणि पाळक कुठे काम करेल हे तो ठरवतो. साधारण जिल्हाधिकारी असतो तसं समजा. दुसरी पद्धत वडीलमंडळाची, तिला प्रेस्बिटेरियन म्हणतात. मंडळीतले निवडलेले वडील आणि पाळक मिळून निर्णय घेतात, त्यांच्यावर विभागाची सभा, तिच्यावर आणखी मोठी सभा, बिशप नाही. हे आपल्या ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसारखं झालं. तिसरी पद्धत काँग्रिगेशनल. तिथे प्रत्येक गावची मंडळी स्वतःच मालक, वरून कोणी हुकूम द्यायचा नाही. गडचिरोलीच्या मुलांना हे पटकन कळतं, कारण मेंढा-लेखाची ग्रामसभा त्यांना माहीत असते.

उदाहरणं पूर्ण जुळत नाहीत हे मला कबूल आहे. बिशपला जिल्हाधिकारी म्हटलं तर एखादा पाळक नाराज होईल, कारण बिशप हा मुळात मंडळीचा मेंढपाळ मानला जातो, अधिकारी नंतर. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सुरुवात करून द्यायला एवढं पुरतं.

स्कॉटलंडचं भांडण विदर्भात

हा भाग मला स्वतःला फार रंजक वाटतो.

स्कॉटलंडमध्ये १५६० मध्ये धर्मसुधारणा झाली. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं तिथे एकच वाद घुमत राहिला : बिशप पाहिजे की नको? अखेर १६९० मध्ये वडीलमंडळाची पद्धत राष्ट्रीय चर्चची म्हणून कायम झाली. ज्यांना बिशप हवा होता ते बाहेर पडले, त्यांचं स्कॉटिश एपिस्कोपल चर्च झालं. पुढे राष्ट्रीय चर्चमध्येही फूट पडली. गावचा पाळक कोण हे तिथला जमीनदार ठरवायचा. गावच्या देवळात पुजारी कोण ठेवायचा हे मालगुजाराने ठरवावं आणि गावाने मान डोलवावी, तसंच. १८४३ मध्ये साडेचारशेहून जास्त पाळक घर, पगार, चर्चच्या इमारती सगळं सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. पगार सोडून बाहेर पडले, हे वाक्य मी शिक्षक म्हणून दोनदा वाचलं!

या नव्या फ्री चर्चने पाठवलेले एक मिशनरी म्हणजे स्टीफन हिस्लॉप. ते १८४५ मध्ये नागपूरला पोचले. त्यांचं नाव आज नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. ते कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये सुरू झालं. हिस्लॉप दगड आणि जीवाश्म गोळा करायचे, गोंड लोकांची गाणी आणि कथा लिहून घ्यायचे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं बघून बोरीला परतताना पाण्याला पूर आला होता, त्यात ते वाहून गेले. आदिवासींविषयीची त्यांची टिपणं नंतर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापली. आपल्या भागातल्या गोंडांवरचं हे सुरुवातीचं छापील लिखाण आहे. मात्र त्यात गोंड माणूस बोलतो तो मिशनऱ्याच्या कानातून, हे वाचताना लक्षात ठेवावं.

तर नागपूरला आले ते बिशप नको म्हणणारे स्कॉटिश. आणि चांद्याला? १८७० च्या दशकात चांद्यात मिशन सुरू केलं ते बिशप हवाच म्हणणाऱ्या स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने! ज्या मुद्द्यावरून हे लोक आपल्या देशात वेगळे झाले, तो मुद्दा वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात कोणाला ठाऊकही नव्हता. चांद्याच्या एखाद्या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म घेतला तर ते आपोआप बिशपवाले झाले, नागपूरचं कुटुंब आपोआप बिना-बिशपवालं. दोघांनीही निवड केली नव्हती. कोणतं मिशन कुठे पोचलं, एवढ्यावर ते ठरलं.

तिसरीकडे, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी सिरोंच्याला आणखी वेगळे लोक आले. ते अमेरिकन मेथॉडिस्ट. मेथॉडिस्ट चळवळ इंग्लंडच्या जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांची. वेस्ली मरेपर्यंत इंग्लंडच्याच चर्चचे पाळक राहिले, पण त्यांच्या अनुयायांचं वेगळं चर्च झालं. श्रद्धा मनातून अनुभवावी, आयुष्य शिस्तीचं आणि पवित्र असावं, गरिबांत काम करावं यावर त्यांचा भर. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी बिशप ठेवले, पण त्यांच्याकडे बिशप हा पाळकांपेक्षा वेगळा दीक्षित वर्ग मानत नाहीत. तो पाळकच, त्याच्याकडे देखरेखीची जबाबदारी असते एवढंच.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातच वरती स्कॉटिश एपिस्कोपल आणि खाली अमेरिकन मेथॉडिस्ट, मध्ये दोनशेएक किलोमीटर जंगल. माझ्या वर्गातल्या दोन मुलांमधलं अंतर हेच.

बिशपचा अधिकार म्हणजे काय : एक खरी घटना

नागपूर धर्मप्रांत १९०३ मध्ये झाला आणि चांद्याचं काम त्याच्याखाली आलं. पहिले बिशप एअर चॅटर्टन. त्यांच्यानंतर १९२६ मध्ये अलेक्झांडर वुड आले. हे वुड आधी कितीतरी वर्षं चांद्यातच मिशनरी होते. चांदा जिल्ह्यातल्या कामावर त्यांनी १९०६ मध्ये पुस्तकही लिहिलं होतं. चांद्याची धूळ अंगावर घेतलेला माणूस बिशप झाला, असं म्हणता येईल.

याच वुड यांच्या काळात व्हेरियर एल्विन मध्य प्रांतात आले. एल्विन म्हणजे पुढे आदिवासींवरच्या अभ्यासासाठी जगप्रसिद्ध झालेले. तेव्हा ते तरुण अँग्लिकन पाळक होते, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिलेले आणि गांधीजींच्या जवळचे. १९३२ मध्ये ते शामराव हिवाळे यांच्यासोबत मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. तो भाग नागपूरच्या बिशपच्या अखत्यारीत येत होता. अँग्लिकन पद्धतीत बिशपचा परवाना असल्याशिवाय पाळकाला त्या धर्मप्रांतात उपासना चालवता येत नाही. सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला एल्विन तयार नव्हते आणि वुड यांनी परवाना नाकारला. १९३५ मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले.

बिशपचं बरोबर की एल्विनचं, यावर मोठ्या वर्गात चांगली चर्चा घडवता येते. मला स्वतःला एल्विनची बाजू पटते, पण वुड यांना आदिवासींची काही पडली नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं इतकंच की बिशप ठेवायचा की नाही हा वाद पुस्तकी नव्हता. एका माणसाच्या सहीवर दुसऱ्या माणसाचं सगळं काम थांबू शकत होतं. म्हणूनच बिशप नको म्हणणारे चर्च एकत्र यायला इतकी वर्षं घाबरत होते.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

एकत्र येण्याचं बोलणं आधीपासून चालू होतं. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनवलं. नागपूरची हिस्लॉपवाली परंपरा त्यात गेली आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्या मिशनमध्ये काम केलं त्याची, परंपराही त्यात गेली. इकडे अँग्लिकन लोक १९३० मध्ये इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे होऊन स्वतंत्र भारतीय चर्च झाले होते. १९२९ पासून या सगळ्यांच्या बैठका सुरू झाल्या. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. उत्तरेला मात्र आणखी २३ वर्षं लागली.

शेवटी २९ नोव्हेंबर १९७० ला, रविवारी, नागपूरच्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजेच सीएनआयची स्थापना झाली. सहा चर्च एक झाले : युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, अँग्लिकन परंपरेचं चर्च ऑफ इंडिया, उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. पहिले मॉडरेटर झाले दिल्लीचे बिशप एरिक नासिर.

त्या वेळी एक नाजूक प्रश्न होता. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेले पाळक आता बिशप असलेल्या चर्चमध्ये पाळक म्हणून चालतील का? पुन्हा दीक्षा घ्या म्हटलं तर त्यांचं आजवरचं काम खोटं ठरतं. नको म्हटलं तर अँग्लिकन नाराज. तोडगा असा काढला की सगळ्या परंपरांच्या सेवकांनी प्रार्थना करून एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. कोणात काय कमी होतं हे माणसाने ठरवायचं नाही, ते देवावर सोडायचं. दक्षिणेच्या चर्चने हे एका दिवसात केलं नव्हतं, जुने पाळक तसेच स्वीकारून हळूहळू एकरूप व्हायला वेळ दिला होता. मला उत्तरेचा तोडगा जास्त आवडतो. त्यात कोणालाच खाली बघावं लागलं नाही.

बाप्तिस्म्याचंही असंच. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. आईवडिलांना वाटलं तर बाळाचा बाप्तिस्मा, मग मोठेपणी दृढीकरण. नाहीतर बाळाला फक्त आशीर्वाद द्यायचा आणि मोठेपणी त्याने स्वतः बाप्तिस्मा घ्यायचा. एखाद्या पाळकाच्या मनाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नसेल, तर त्याने तो विधी करायला दुसऱ्या पाळकाला बोलवावं, अशीही सोय ठेवली.

श्रद्धेचा गाभा मात्र एकच : पित्या, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्र्यैक्य देव, तारणासाठी लागणारं सगळं पवित्र शास्त्रात आहे, प्रेषितांचा आणि नायसीन असे दोन जुने मतांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार.

कारभार कसा चालतो?

गावपातळीवर एक किंवा अनेक मंडळ्या मिळून पास्टरेट होतं, त्याची निवडलेली समिती असते. त्यावर धर्मप्रांताचं कौन्सिल, त्यात बिशप, पाळक आणि साधे सभासद, बायका-पुरुष दोन्ही. सगळ्यात वर सिनड, तिची सर्वसाधारण सभा तीन वर्षांनी होते आणि ती मॉडरेटर निवडते. कार्यालय दिल्लीला आहे. सेवकांचे तीन प्रकार : बिशप, प्रेस्बिटर म्हणजे पाळक, आणि डीकन.

नीट बघा, वर सांगितलेल्या तिन्ही पद्धती इथे एकत्र आल्या. बिशप ठेवला, पण घटनेने बांधलेला. बिशपचं पद परंपरेचं असेल आणि घटनात्मकही असेल, असं लिहूनच ठेवलं. त्याची निवड धर्मप्रांताने सुचवलेल्या नावांतून सिनडच्या पातळीवर होते. वडीलमंडळाच्या पायऱ्या ठेवल्या. आणि गावच्या मंडळीला तिचा आवाज ठेवला. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात आपल्या पतसंस्थेत आणि शिक्षक संघटनेत जसे गट असतात तसे इथेही निवडणुकीत असतात. त्यात धर्माचा दोष नाही.

खरी अडचण मालमत्तेची निघाली. श्रद्धा एका रविवारी एक होऊ शकते, सात-बारा होत नाही! गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीच्या ट्रस्टची मालमत्ता सीएनआयची झाली की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१३ मध्ये निकाल लागला की एकत्र येण्याचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही; सोसायटी विसर्जित करण्याची आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. म्हणजे १९७० ला झालेल्या मिलनाचा हिशेब ४३ वर्षांनीही संपला नव्हता. चर्चच्या जागांवर शाळा आणि दवाखाने उभे असतात, म्हणून हा प्रश्न नुसता वकिलांचा राहत नाही. त्या शाळेतल्या मुलांच्या डोक्यावरचं छप्पर कोणाचं, इथपर्यंत तो येतो.

आणि सिरोंचा?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकन परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च या बोलण्यांत अनेक वर्षं सामील होतं. मिलनाला काही महिने उरले असताना, १९७० मध्येच, त्यांनी सामील न व्हायचं ठरवलं. पुढे १९८१ मध्ये ते अमेरिकेच्या चर्चपासून स्वायत्त होऊन मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया झालं. म्हणून ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट सीएनआयमध्ये आहेत आणि अमेरिकन परंपरेचे बाहेर. इथे मुलंच काय, मोठी माणसंही गोंधळतात.

एका बैठकीत हात वेगळे वर गेले असते, तर माझ्या वर्गातली दोन्ही मुलं त्या दिवशी "आमी सीएनआय" म्हणाली असती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावलं, खरं तर चूक कबूल करायलाच. मी म्हटलं, "भाऊ, पोराला मी त्या दिवशी नीट सांगितलं नाही." ते हसले. म्हणाले, "सर, आमालेच कुठं माहीत आहे एवढं. आमचे आजोबा मेथॉडिस्ट, म्हणून आमी मेथॉडिस्ट." मग मी विचारलं, तुमच्याकडे पाळकाची बदली कोण करतं? ते म्हणाले, वर्षाची कॉन्फरन्स भरते, तिथे बिशपसाहेब यादी वाचतात. कोणाचं नाव कोणत्या गावाला लागते ते तेव्हा कळते. मी म्हटलं, म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या बदल्यांसारखंच. त्यांनी विचारलं, "तुमच्यातबी अवघड क्षेत्र असते का?" मी म्हटलं, "असते ना. सिरोंच्याच."

दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा लावला. नागपूर, चंद्रपूर आणि सिरोंचा या तिन्ही ठिकाणी टाचण्या टोचायला त्या दोघांनाच उभं केलं. मागच्या बाकावरच्याने विचारलं, "सर, मग आमच्या गावच्या विठोबाच्या देवळाचं कोण ठरवते?" त्याला मी घरी विचारून यायला सांगितलं आहे.